दहावी बोटुकली

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत दोन मासे उलटे तरंगत होते.

मी ते छोट्या जाळीने काढले, बशीत ठेवले आणि बशी घेऊन मुळगुंदसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब आमच्या कागद कारखान्याचे मॅनेजर. ते चहा पीत होते. त्यांनी बशीकडे पाहिलं आणि कप बाजूला सरकवला.

"दहातले दोन?"

"हो सर. आणि अजून एक दिवस बाकी आहे."

"म्हणजे ऐंशी टक्के. आपल्याला नव्वद लागतात." त्यांनी बशी पेनने लांब सारली. "मिस मिराशी, हे मासे आणले कुठून?"

"धामणडोहची एक मासेवाली आहे सर. गजराबाई मल्लाव."

"मग मासेच रोगट असणार. पाणी आपलं उत्तम आहे. मी रोज बघतो ना."

साहेब रोज पाणी बघायचे हे खरं होतं. केबिनच्या खिडकीतून.

"हा महिना आपण धरायचा नाही," ते म्हणाले. "रंगीत तालीम समजा. नोंद पुढच्या महिन्यापासून. आणि त्या बाईला सांगा, असले मासे देत जाऊ नको म्हणावं."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. साताऱ्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले होते, पण तात्पुरती. आता त्याला तीसएक वर्षं झाली. कारखान्यात कागद तयार होताना जे काळपट पाणी निघायचं, ते हौदांमधून फिरवून, निवळवून, फिक्या चहाच्या रंगाचं झालं की नदीकाठच्या शंभर एकर निलगिरीत सोडून देत. आता दुसरं यंत्र येणार होतं आणि पाणी दुप्पट होणार होतं. ते निलगिरीत मावणारं नव्हतं. म्हणून कारखान्याला थेट नदीत पाइप टाकायचा होता, धामणडोहच्या वरच्या अंगाला, कारण तिथे बारा महिने खोल पाणी असे. सरकारची अट एकच होती. निवळलेल्या पाण्यात बोटभर लांबीचे दहा मासे चार दिवस ठेवायचे. नऊ जगले तर पास. असं सलग बारा महिने पास झालं, की जाहीर सुनावणी आणि मग परवानगी.

चाचणी आम्हीच करायची आणि निकाल आम्हीच लिहून पाठवायचा. म्हणजे पेपर सोडवणारेही आपण आणि तपासणारेही आपणच. साहेबांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं, "पाइपची परवानगी आली, की तुमची कायम नोकरीची ऑर्डर मी स्वतः टाइप करून घेईन." माझे वडील त्या ऑर्डरीची माझ्यापेक्षा जास्त वाट बघत होते.

दुपारी मी सायकलवरून धामणडोहला गेले. मल्लाव मंडळी भोई. गावाच्या वर नदीला मोठा डोह आहे, त्याला आसरांचा, म्हणजे जलदेवतांचा, डोह म्हणतात. त्यात कुणी जाळं टाकत नाही, पिढ्यान् पिढ्या नाही. मोठी मासळी त्यात राहते आणि तिची पिल्लं डोहाखालच्या उथळ पाण्यात येतात. गजराबाई ती पिल्लं धरायची, चार बांबूंना बांधलेल्या मच्छरदाणीच्या कापडाच्या पिंजऱ्यात वाढवायची आणि बोटभर झाली की तळ्यांच्या ठेकेदारांना बीज म्हणून विकायची. सरकारी कागदात अशा माशाला बोटुकली म्हणतात. शब्द गोड आहे. सरकारी कागदात असे शब्द फार नसतात.

ती काठावर बसून जाळं विणत होती. पन्नाशीची, किडकिडीत, कासोटा घातलेली बाई.

"मावशी, तुमचे दोन मासे मेले," मी सायकलवरून उतरता उतरताच म्हटलं.

"कुनाचं?"

"तुमचे. मी नेलेल्यातले."

तिने विणायची सुई खाली ठेवली. "पोरी, वीस वर्सं बीज इकते मी. कंच्या बी तळ्यावरनं असा सांगावा आला न्हाई."

"आता आला. मी बशीत घालून साहेबांना दाखवले."

"साहेबाला दावलंस?" मासे मेल्यापेक्षा याचंच तिला जास्त लागलं. "आगं, बाजारातनं नेलीस तू. हंड्यात व्हती ती नेलीस. मी निवडून दिली व्हती का? बस हितं. दावते तुला."

तिने एक लोखंडी घमेलं नदीत बुडवून भरून आणलं. पिंजऱ्यातून ओंजळभर पिल्लं त्यात सोडली. मग हाताचा पंजा पाण्यात घातला आणि घमेल्याच्या कडेकडेने पाणी गोल फिरवायला लागली. पाण्याला चांगली गती आल्यावर तिने हात काढून घेतला.

"बघ आता. पान्याला धार आली, का मासळी धारेला तोंड करती. ही बघ काठाची. पानी मागं वडतंय, आन् ती हाय तितंच हाय."

खरंच तसं होतं. वीस-बावीस पिल्लं कडेला, फिरत्या पाण्याच्या उलट तोंड करून, शेपट्या हलवत जागच्या जागी उभी होती. तीन-चार मात्र मधोमध गोळा होऊन पाण्याबरोबर फिरत होती.

"मधली मेली का?"

"मरत्यात कशाला? जित्ती हाईत. पर त्यांच्यात दम न्हाई. असलं बीज दिलं, का गिऱ्हाईक एकडाव घेतंय, दुसऱ्या टायमाला वाट बदलतंय." तिने मधली पिल्लं ओंजळीत घेतली आणि डोहाच्या बाजूला सोडून दिली. "आसरांची हाईत. आसरा बघतील."

कडेच्या पिल्लांतून तिने एकेक करून दहा उचलली. उचलताना प्रत्येक वेळी पाणी पुन्हा फिरवलं.

"तुला लागत्यात कशाला ही?"

"टाकीत ठेवायला. काचेच्या."

"शोभंला? साहेबाला हौस हाय व्हय?"

"हं," मी म्हटलं.

परवानगीचा विषय गावात काढायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. मी खोटं बोलले नव्हते, फक्त हं म्हटलं होतं. परत येताना मी स्वतःला तेवढंच समजावत आले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चाचणीच्या सूचनांच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की मासे एकाच घोळक्यातून, न निवडता घ्यावेत. पहिल्या पानावर लिहिलं होतं, की रोगट मासे घेऊ नयेत. मी दोन्ही पानं वाचली होती. मी पहिलं पान धरलं.

पुढच्या महिन्यापासून गजराबाई स्वतः हंडा घेऊन प्रयोगशाळेत यायला लागली. हंड्याच्या तोंडाला ओलं फडकं. मी हंडा टाकीत ओतायची, तिला चहा पाजायची. चार दिवस रोज सकाळी मी टाकीत डोकावायची. मेलेला मासा वर येतो, तो काढायचा आणि लिहायचा. वर काही आलेलं नसलं, की पाचव्या दिवशी लिहायचं, दहा जिवंत. शेवटी ते मासे मी निलगिरीच्या चरात ओतून द्यायची.

"किती जगली?" बाजारात भेटली की ती लांबूनच ओरडायची.

"दहाच्या दहा."

"मग! कुनाची हाईत?" आणि ती शेजारच्या भाजीवालीकडे बघायची. "माझी मासळी साहेबाच्या काचंत ऱ्हाती, म्हाईत हाय का?"

मला तिचा लळा लागला होता. मी मासे खात नाही याची तिला फार गंमत वाटे. "चिमटीत धरतीस, काचंत ठेवतीस, आन् ताटात नगं म्हनतीस. असली कसली गं तू?" म्हणायची आणि नदीच्या वाळूत लावलेली वाळकं माझ्या पिशवीत कोंबायची. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला अशी कुणीतरी रागावणारी बाई लागते. मी तिला मावशी म्हणायची ते तोंडदेखलं नव्हतं. आणि तरीही मी तिला ते मासे कशाला लागतात हे अकरा महिन्यांत एकदाही सांगितलं नाही.

मासे टाकीत कसे असत, हे विचाराल तर तळाला, एका कोपऱ्यात. कल्ले भराभरा हलत असत. आठव्या महिन्यात मी एकदा काचेवर टिचकी मारून पाहिली. एकही दचकून पळाला नाही. झोपले असतील, असं मला वाटलं. माझं माशांबद्दलचं ज्ञान एवढंच होतं.

बाराव्या महिन्यात गजराबाई शनिवारी आली. नेहमीसारखी बडबडत आली नाही. मी सुनावणीचे कागद टाइप करत होते. तारीख लागली होती, पुढच्याच गुरुवारी, धामणडोहच्या शाळेत, आणि साहेबांना अकरा महिन्यांचे निकाल सात-सात प्रतींत हवे होते. मी उठले, हंडा टाकीत ओतला आणि तिच्या हातात परत दिला. ती तिथेच उभी राहिली.

"काय मावशी?"

"काय न्हाई."

"आज चहाला वेळ नाही हो. सोमवारी पाजते."

"ऱ्हाऊ दे," म्हणून ती गेली.

चार दिवसांत वर काही आलं नाही. बुधवारी मी लिहिलं, दहा जिवंत. बारा महिने पूर्ण झाले. साहेबांनी पेढे मागवले.

टाकी सुनावणीला न्यायची कल्पना साहेबांचीच. "लोकांना आकडे कळत नाहीत, मासे कळतात," ते म्हणाले. पाणी अर्धं काढून, मासे तसेच ठेवून टाकी जीपमध्ये चढवली आणि शाळेच्या टेबलावर सर्वांना दिसेल अशी मांडली. सुनावणीचे अधिकारी जिल्ह्याहून आले होते. जाड चष्म्याचे, थकलेले, पण नीट ऐकून घेणारे गृहस्थ. समोर सतरंजीवर चाळीसएक भोई बसले होते, बायका भिंतीकडेला. पाइप कुठे पडणार हे त्यांना आठ दिवसांपूर्वी चावडीवर नोटीस लागल्यावर कळलं होतं.

तात्या मल्लाव हे त्यांच्यातले वडीलधारे. ते उठून बोलले. डोह आसरांचा आहे, त्यात आम्हीही हात घालत नाही, तिथलं पाणी बिघडलं तर खाली नदीत मासळी येणार कुठून, एवढंच ते तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हणाले.

"आपलं म्हणणं मी नोंदवलंय," अधिकारी म्हणाले. "पण पाणी बिघडेल हे कशावरून?"

तात्या खाली बसले. उत्तर साहेबांकडे होतं. ते टाकीजवळ जाऊन उभे राहिले.

"सर, आम्ही नदीत जे पाणी सोडणार, ते हे. यात हे मासे पाच दिवस आहेत. गेले बारा महिने दर महिन्याला दहापैकी दहा जगले आहेत. आमच्या केमिस्ट मिस मिराशी इथेच आहेत."

मी मान हलवली. तेवढ्यात गजराबाई भिंतीजवळून उठली आणि सतरंजीवरून वाट काढत टेबलापाशी आली. तिने काचेला नाक लावून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ही माझी पिल्लं न्हवं का गं?"

"हो मावशी."

"आन् ह्ये पानी कारखान्याचं?"

"हो."

"पैल्यापासनं? समदी पिल्लं ह्याच पान्यात घातलीस?"

"हो."

ती पुन्हा टाकीत बघायला लागली. मला लाज वाटली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं. साताऱ्याच्या गाडीत बसून सरळ घरी जावं असंही वाटलं.

"घमेलं हाय का शाळंत?" तिने विचारलं.

साहेब म्हणाले, "सर, हा काय प्रकार?" अधिकारी म्हणाले, "बघू द्या." शिपायाने बागेचं घमेलं धुऊन आणलं. तिने टाकीतलं पाणी आणि मासे त्यात ओतून घेतले. पदर खोचला, पंजा पाण्यात घातला आणि पाणी फिरवायला लागली. मग हात काढला.

सगळे मासे मध्ये गेले. कडेला एकही थांबला नाही. तिने पाणी उलट्या बाजूने फिरवून पाहिलं. तरी तेच झालं. एकमेकांना चिकटून ते घमेल्याच्या मधोमध पाण्याबरोबर फिरत राहिले.

"शनवारी ही धारेला उभी व्हती," ती म्हणाली. "माझ्या हातानं निवडली मी. पाच रोजात ही गत झाली. साहेब, नदीला धार असती. धारेला जी उभी ऱ्हात न्हाई, ती डोहात वर चढायची कशी आन् पिल्लं घालायची कशी?"

"पण जिवंत आहेत ना?" साहेब म्हणाले. "सर, एक तरी मेलाय का?"

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "मॅडम, या चाचणीत मासा पोहतो का, ते बघतात?"

"नाही सर. जिवंत की मेलेला, एवढंच."

"मग बाई, मला हे लिहून घेता येत नाही," ते गजराबाईला म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "माझ्या कागदात त्याला जागा नाही."

"जित्ता म्हंजी काय साहेब? माझा सासरा दोन वर्सं खाटंवर पडून व्हता. त्यो बी जित्ताच व्हता."

सतरंजीवर हशा पिकला. अधिकारीही हसले, पण घमेल्यावरून त्यांची मान काही वर झाली नाही. त्यांचं एक बोट हळूहळू हलत होतं.

पोहणारे मासे मोजणं फार अवघड असतं. टाकीत इकडून तिकडे पळतात, एक दोनदा मोजला जातो, एक राहून जातो. हे मासे मात्र घमेल्याच्या मध्यावर निमूट गोळा झाले होते. शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही मोजता आले असते.

"सात, आठ, नऊ," अधिकारी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. "नऊच आहेत. कालच्या निकालात दहा लिहिलेत."

साहेब हसले. "जीपमध्ये खड्ड्याला एखादा उडाला असेल, सर. रस्ता बघितलात ना तुम्ही? काय मिस मिराशी, तसंच झालं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त हं म्हणायचं होतं. ते मला चांगलं येत होतं. आणि खरं सांगायचं तर तसं झालं असणं अशक्यही नव्हतं. पण गजराबाईचा ओला हात अजून घमेल्याच्या काठावर होता, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मला माहीत नाही, सर," मी म्हटलं. "मी मोजले नव्हते."

"म्हणजे?"

"आम्ही मेलेले मोजतो. मेलेला निघाला नाही, म्हणून दहा लिहिले. टाकीत घातले तेव्हाही मोजले नव्हते."

"याच महिन्यात?"

"कुठल्याच महिन्यात नाही."

अधिकाऱ्यांनी कागद पुढे ओढला. एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. "पहिल्यांदा चाचणी घेतली तेव्हा दोन मासे मेले होते. तिसऱ्याच दिवशी. ते कुठेही लिहिलेलं नाही. त्यानंतरचे सगळे मासे निवडून आणलेले आहेत."

"निवडून?" अधिकारी गजराबाईकडे वळले. "तुम्ही निवडून देत होता?"

"मग?" ती तडकून म्हणाली. "न निवडता देऊ व्हय? बीजवाली हाय मी."

अधिकाऱ्यांनी सूचनांचं दुसरं पान उघडलं, एका ओळीवर पेन्सिलीने खूण केली आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी ते वाचून दाखवलं. मासे निवडलेले, संख्या न मोजलेली, एक निकाल दडवलेला. सबब बाराही महिन्यांचे निकाल रद्द, पाइपचा प्रस्ताव नामंजूर. "पोहण्याचं मला लिहिता येत नाही," ते कागद घडी करताना कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "पण आकड्याचं येतं."

तात्या मल्लाव उभे राहिले. "म्हंजी, पाइप?"

"पाइप नाही."

मग जो गलका झाला, त्यात साहेब माझ्याजवळ आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." जीप मला न घेताच गेली. टाकीही शाळेतच राहिली.

साताऱ्याची गाडी पाच वाजता होती. शाळेच्या आवारात जो तो गजराबाईचं कौतुक करत होता. "एक पिल्लू कमी घातलं आन् कारखाना आडवा केला," असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. "बाईचं डोस्कं बघ." लोक नारळ घेऊन डोहाकडे निघाले होते. पुढे हलगी लागली होती. त्या घोळक्यात गजराबाई मात्र नव्हती.

ती खाली पिंजऱ्याशी होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून कापडाच्या गाठी तपासत होती. मी काठावर चपला काढल्या.

"नारळाला गेला नाहीत?"

"जात्यात की समदी."

"मावशी, माझं चुकलं. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"पायजे व्हतं," ती म्हणाली. तिने पुढची गाठ हातात घेतली.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "लोक म्हणतायत, तुम्ही मुद्दाम नऊ दिलेत. डाव टाकलात."

"मी?" तिने गाठ सोडून माझ्याकडे पाहिलं. "मला काय म्हाईत तुझ्या दहाचं? शोभंला हाईत म्हनलीस न्हवं का तू?"

ते खरंच होतं. तिला काही ठाऊक नसताना ती डाव कसला टाकणार? हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

"मग नऊच का आणलेत?"

तिने हातातलं कापड सोडलं. हनुवटीने वरच्या दरडीकडे खूण केली. दरडीवर निलगिरीची झाडं ओळीने उभी होती. कारखान्याच्या नकाशात ती मी शंभर वेळा पाहिली होती. नकाशात निलगिरी एका रेषेपाशी संपायची आणि नदी पुढच्या रेषेपासून सुरू व्हायची. इथे मात्र दरडीच्या मातीतून चार-पाच ठिकाणी पाणी झिरपत होतं, फिक्या चहाच्या रंगाचं, आणि खाली उथळ पाण्यात मिसळत होतं. पिंजऱ्यापासून वीस पावलांवर.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं असंल. आधी वाटलं, पाटाचं असंल कुनाच्या." तिने पिंजऱ्याच्या कापडावर हात फिरवला. "शनवारच्या आधी दोन रोज घमेलं फिरवलं मी. समदा पिंजरा उपसला. पाच-सातशे पिल्लं. नऊ उभी ऱ्हायली काठाला. बाकी समदी मधी."

"पाचशेतली नऊ?"

"दहावं कुटनं आनू? मधलं एखादं घालावं असं आलं मनात. न्हाई घातलं. म्हनलं, तू मोजशील, इचारशील, मग सांगीन. तू वतलीस आन् हंडा हातात दिलास."

"आज सांगायचं होतंत. त्या अधिकाऱ्यांसमोर."

"त्येच्या कागदात जागा न्हाई म्हनला न्हवं त्यो? आन् बीजवालीनं भावकीम्होरं सांगायचं व्हय, माझ्या मासळीत दम ऱ्हायला न्हाई म्हनून?"

वर डोहाकडून हलगीचा आवाज वाढला. कुणीतरी तिच्या नावाने हाक मारली, "गजराकाकू, नारळ फोडायला या!" तिने हाताने येते अशी खूण केली, पण ती जागची हलली नाही.

"त्यांना सांगायला हवं, मावशी. पाइप नाही आला तरी..."

"सांगीन. आज खोबरं खाऊ दे त्यास्नी."

तिने पिंजऱ्याची एक कड उचलली. आतली पिल्लं कापडाबरोबर एका बाजूला घसरली आणि तिथेच राहिली. तिने कड परत सोडून दिली.

"नऊ व्हती चांगली," ती म्हणाली. "ती बी तुलाच दिली."